वसंतातल्या काळ्या अस्वलाची शिकार: आधी बसा, मग चाला

एप्रिल उजाडला की नवीन लायसन्स काढलेल्यांच्या तक्रारी सुरू होतात. दिवसभर डोंगर पालथा घातला, विष्ठा दिसली, पावलं दिसली, पण अस्वल काही दिसलं नाही. किंवा दिसलं, पण आम्ही पोहोचेपर्यंत पसार झालं. दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. जिथे बसायला हवं तिथे माणूस चालतो, आणि जिथे न थांबता निघायला हवं तिथे घोळ घालतो. स्पॉट अँड स्टॉक म्हणजे दुर्बिणीने लांबून हेरायचं आणि मग पायी, वारा सांभाळत गाठायचं. यात पायांपेक्षा बुडाला जास्त काम असतं.

पुढचं सगळं कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताबद्दल आहे, त्यातही आग्नेयेकडच्या कूटने भागाबद्दल: क्रॅनब्रूक, फर्नी, इन्व्हरमियरच्या आसपासचे डोंगर. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीला बंदी आहे. मेळघाट-ताडोबातलं अस्वल ही वेगळी जात असून ती संरक्षित आहे. इथलं काहीही तिकडे लावायचं नाही.

टप्पा १: कागदपत्रं, आणि तीही हिवाळ्यातच

एप्रिलमध्ये धावपळ करून हे जमत नाही. रायफल ठेवायला पाल (पझेशन अँड अ‍ॅक्विझिशन लायसन्स) हा बंदूक बाळगण्याचा परवाना लागतो. त्याआधी शस्त्रसुरक्षेचा कोर्स करायचा. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला किमान २८ दिवसांची सक्तीची प्रतीक्षा असते आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ जातो. शिकारीसाठी वेगळी कोअर परीक्षा असते, लेखी आणि बंदूक हाताळणीची. ती झाली की फिश अँड वाइल्डलाइफ आयडी, त्यावर शिकारीचं लायसन्स आणि त्याशिवाय काळ्या अस्वलाचं स्वतंत्र लायसन्स. तुम्ही प्रांताचे रहिवासी धरले जाता की नाही, याचे निकष आधी वाचून घ्या. रहिवासी नसाल तर मोठ्या प्राण्याच्या शिकारीला एकटं जाता येत नाही. परवानाधारक गाइड लागतो, नाहीतर खास परवानगीने सोबत येणारा स्थानिक.

प्रांताचा शिकार नियमांचा सिनॉप्सिस, म्हणजे सारांश-पुस्तिका, दर दोन वर्षांनी निघतो. प्रांत छोट्या-छोट्या मॅनेजमेंट युनिटांत विभागलेला आहे आणि हंगामाच्या तारखा, मर्यादा, गाड्यांना बंद असलेले रस्ते हे सगळं युनिटनुसार बदलतं. शेजारच्या खोऱ्यात चालतं म्हणून तुमच्या खोऱ्यात चालेलच असं नाही.

पाठ असायलाच हवेत असे काही नियम:

- दोन वर्षांखालचं अस्वल मारायचं नाही, आणि त्याच्या सोबत असलेलं कोणतंही अस्वल मारायचं नाही.
- आमिष टाकून अस्वलाची शिकार करायची नाही. मेलेलं जनावर वापरणंही त्यात आलं.
- काळ्या अस्वलाच्याच जातीतली पांढऱ्या आणि निळसर रंगाची अस्वलं वर्ज्य आहेत.
- गाडीतून गोळी झाडायची नाही. गाडीत भरलेली बंदूक ठेवायची नाही.
- शिकारीसाठी ड्रोन वापरायचं नाही.
- सूर्यास्तानंतर एक तास ते सूर्योदयाआधी एक तास, या वेळेत शिकार बंद.

तपासा: लायसन्स, आयडी आणि तुमच्या युनिटचं पान कागदावर छापून खिशात आहे का? खोऱ्यात मोबाइलला रेंज नसते.

टप्पा २: घरबसल्या डोंगर निवडा

गुहेतून आधी नर बाहेर येतात, साधारण एप्रिलमध्ये. नवीन पिल्लांच्या आया सर्वांत शेवटी, मे महिन्यात. बाहेर आलेलं अस्वल भुकेलं असतं, पण लगेच मांसाच्या मागे लागत नाही. ते गुरासारखं चरतं: कोवळं गवत, डँडेलियन, क्लोव्हर, हॉर्सटेल. म्हणून अस्वल शोधायचं म्हणजे आधी हिरवळ शोधायची.

सॅटेलाइट नकाशावर दक्षिणेकडे तोंड असलेले उतार बघा. तिथे ऊन जास्त लागतं, बर्फ आधी वितळतो आणि गवत आधी फुटतं. त्यात पुढच्या जागा खुणेने मार्क करा:

हिमलोटांनी झाडं साफ करून टाकलेले उभे पट्टे. जुने कटब्लॉक, म्हणजे झाडतोड होऊन काही वर्षं झालेले तुकडे. अगदी ताजे नकोत, आणि झाडं डोक्यावर गेलेलेही नकोत, कारण त्यात काही दिसत नाही. वापरातून गेलेले लॉगिंग रस्ते, ज्यांच्या कडेला मुद्दाम क्लोव्हर पेरलेलं असतं. ओढ्याकाठच्या ओलसर, सपाट जागा.

आता नेमकी चूक कुठे होते ते बघा. लोक चांगला उतार निवडतात आणि त्याच उतारावर जाऊन बसतात. तिथून तुम्हाला पन्नास पावलांपलीकडचं दिसत नाही, शिवाय तुमचा वास सगळ्या डोंगराला लागतो. बसायचं ते समोरच्या डोंगरावर, दरी मध्ये ठेवून. दक्षिणमुखी उतार बघायचा म्हणजे तुम्ही दरीच्या दक्षिण बाजूला असता, दुपारभर सूर्य पाठीशी राहतो आणि समोरचं सगळं उजळलेलं दिसतं. अर्धा ते दीड किलोमीटर अंतर उत्तम. अशा तीन-चार बैठका नकाशावर ठरवून ठेवा, पहिल्या जागी दुसऱ्या कुणाची गाडी दिसली तर हिरमुसायला नको.

उंचीचंही गणित आहे. एप्रिलच्या शेवटी हिरवळ दरीच्या तळाशी असते. बर्फाची रेषा जसजशी वर सरकते तसतशी हिरवळ आणि तिच्यामागे अस्वलं वर जातात. जूनच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही अजून तळाशीच बघत बसलात तर अस्वलं तुमच्या डोक्यावर चरत असतील. कधी जायचं हे एकच विचारायचं असेल तर माझं उत्तर मेचा दुसरा पंधरवडा. त्याच सुमारास माजावर आलेले मोठे नर माद्यांच्या शोधात दिवसाउजेडी फिरू लागतात. मात्र कातडं हवं असेल तर लवकर जा. जून जवळ आला की अस्वलं झाडांना अंग घासतात आणि पाठीवर, कुल्ल्यांवर केसांचे टक्कल पडलेले चट्टे दिसू लागतात.

टप्पा ३: सामान

रायफलवर लोक खूप बोलतात, मी थोडक्यात आटपतो. हरणासाठी चालणारी .२७०, .३०८, .३०-०६ यांपैकी कोणतीही पुरते, गोळी तेवढी न फुटता आत शिरणारी, बाँडेड जातीची घ्या. पैसे शिल्लक असतील तर दुर्बिणीवर घाला. १०x४२ ची दुर्बीण ट्रायपॉडवर लावा. हातात धरलेली दुर्बीण आणि ट्रायपॉडवरची तीच दुर्बीण यांत दिसणाऱ्या अस्वलांचा फरक पडतो. शिवाय एक स्पॉटिंग स्कोप, म्हणजे जास्त ताकदीची एकनळी दुर्बीण, पिल्लं आणि जात ओळखण्यासाठी.

बाकी: बसायला फोमचा तुकडा (याला हसू नका, ओल्या जमिनीवर कुणी चार तास बसत नाही), अंतर मोजायला रेंजफाइंडर, वारा बघायला टाल्कम पावडरची छोटी बाटली, बेअर स्प्रे पट्ट्यावर लावलेला, सॅकमध्ये नव्हे, सॅटेलाइट मेसेंजर, दोन हेडलॅम्प, चाकू आणि बदली पाती, सुती मीट बॅग, दोरी, मांस वाहायची फ्रेम असलेली सॅक.

गाडीसाठी दोन स्पेअर टायर, फावडं आणि व्हीएचएफ रेडिओ. लॉगिंग रस्त्याच्या सुरुवातीला पाटीवर चॅनेल लिहिलेलं असतं. त्यावर ऐकत राहायचं आणि पाटीवर सांगितलेल्या ठिकाणी रस्त्याचं नाव, किलोमीटर आणि दिशा सांगायची. वळणावर समोरून ओंडके लादलेला ट्रक आला तर तो तुमच्यासाठी थांबू शकत नाही, बाजूला तुम्हालाच व्हावं लागतं.

इशारा: कूटनेत वसंतात गोचिडी असतात, आणि त्या गवताळ दक्षिणमुखी उतारांवरच जास्त. पँट मोज्यात खोचा. रात्री मान, केस, काखा, जांघा तपासा.

टप्पा ४: बसा आणि बघा

पहाटे चारला उठून धापा टाकत चढायची सवय हरणांच्या शिकारीतून येते. वसंतातल्या अस्वलाला सकाळच्या गारठ्यात घाई नसते. दुपारी तीन-चारनंतर हालचाल वाढते आणि अखेरचे दोन तास सर्वांत मोलाचे. क्रॅनब्रूकला जूनच्या सुरुवातीला सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो, त्यामुळे संध्याकाळ लांबलचक मिळते. सकाळी आराम करा, दुपारी जेवून बैठकीवर जा, आणि उजेड असेपर्यंत हलू नका.

बघण्याची पद्धत अशी:

१. आधी दुर्बिणीशिवाय सगळा उतार डोळ्यांखालून घाला. उघड्यावर उभं असलेलं काळं अस्वल एक किलोमीटरवरूनही नुसत्या डोळ्यांना ठिपक्यासारखं दिसतं.

२. मग दुर्बीण लावून हिरवळीचे तुकडे पटकन तपासा.

३. आता उताराचे मनातल्या मनात आडवे पट्टे पाडा. वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात, दुर्बीण स्थिर, चित्राच्या आत डोळे फिरवायचे, मग थोडं सरकवायचं. दुर्बीण सतत फिरवत राहिलात तर डोळा काहीच टिपत नाही.

४. एक फेरी पूर्ण झाली की पाणी प्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. पाच मिनिटांपूर्वी रिकाम्या असलेल्या जागी आता अस्वल असू शकतं. झाडीतून एक पाऊल बाहेर टाकलं की झालं.

जुन्या कटब्लॉकमध्ये जळके बुंधे शेकड्यांनी असतात आणि त्यातला प्रत्येक जण संध्याकाळच्या उजेडात अस्वल व्हायला बघतो. संशयित बुंधे लक्षात ठेवा, किंवा सुरुवातीलाच फोनवर उताराचा फोटो काढा. पुढच्या फेरीत जो बुंधा फोटोत नाही, तो बुंधा नाही. आणखी एक खूण: अस्वलाचा काळा रंग बुंध्याच्या काळ्यापेक्षा गडद असतो आणि तिरप्या उन्हात त्याला चकाकी येते.

दुपार कडक तापली असेल तर उघड्या हिरवळीवर वेळ घालवू नका. काळ्या जाड केसांत त्यालाही उकडतं. हिरवळीला लागून असलेल्या झाडांच्या सावल्या तपासा.

मोठी चूक: तासाभरात काही दिसलं नाही म्हणून "जरा पुढचं खोरं बघू" म्हणत उठणं. आसपास ताजी, गवताळ हिरवट विष्ठा आणि उपटलेलं गवत असेल तर अस्वल तिथेच आहे. खोरं बदलायचं ते पुढच्या दिवशी.

टप्पा ५: दिसलं! आता उठू नका

हा टप्पा लोक गाळतात आणि नंतर पस्तावतात. अस्वल दिसलं की हाताला घाम फुटतो आणि सॅक पाठीवर चढते. ती खाली ठेवा आणि स्पॉटिंग स्कोप लावा. दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय जागचं हलायचं नाही.

पहिला प्रश्न: हे काळं अस्वल आहे की ग्रिझली, म्हणजे अस्वलाची दुसरी जात? कूटनेत दोन्ही आहेत. ग्रिझलीची शिकार या प्रांतात डिसेंबर २०१७ पासून बंद आहे. चुकून मारली तरी गुन्हा तो गुन्हाच. रंगावर अजिबात जाऊ नका. काळं अस्वल तपकिरी, दालचिनी, अगदी सोनेरीही असतं, आणि ग्रिझली गडद काळपटही असते. आकारावरही नको. बघायचं ते असं:

- खांद्यावरचा उंचवटा: ग्रिझलीला स्पष्ट दिसतो. काळ्या अस्वलाला नसतो, पण मान खाली घालून चढावर उभं असेल तर भास होतो. म्हणून ते सपाटीवर चालेपर्यंत थांबा.
- सर्वांत उंच जागा: ग्रिझली चालताना खांदा वर, काळं अस्वल चालताना पाठ किंवा कुल्ले वर.
- चेहरा बाजूने: ग्रिझलीचा कपाळ आणि नाकाच्या मध्ये खोलगट, काळ्याचा कपाळापासून नाकापर्यंत जवळजवळ सरळ.
- कान: काळ्याचे उंच आणि ठळक, ग्रिझलीचे आखूड, गोल.
- पुढची नखं: ग्रिझलीची लांब, फिकट, लांबूनही नजरेत भरणारी. काळ्याची आखूड, वाकडी, गडद.

एका खुणेवर निकाल लावू नका. तीन-चार जुळायला हव्यात. चिखलात पुढच्या पायाचा ठसा मिळाला तर तोही बोलतो: अंगठ्याच्या खालच्या कडेपासून तळव्याच्या गादीच्या वरच्या कडेवरून सरळ काडी ठेवा. करंगळीचा बहुतेक भाग काडीच्या वर असेल तर ग्रिझली, अर्ध्याहून जास्त खाली असेल तर काळं.

दुसरा प्रश्न: एकटं आहे का? आई चरत असताना पिल्लं झाडावर चढून बसलेली असतात किंवा गवतात दडलेली असतात. अस्वल दिसल्यापासून किमान अर्धा तास त्याच्या आजूबाजूची झाडं, बुंधे, झुडपं तपासा. ते वारंवार एकाच झाडाकडे बघतंय का? एकाच जागेभोवती घुटमळतंय का? मग पिल्लं आहेत असंच धरा. मागच्या वर्षीची पिल्लं जास्त फसवतात. ती छोट्या अस्वलाएवढी दिसतात आणि आईपासून पन्नास-शंभर पावलांवर चरतात. तीही दोन वर्षांच्या आतली, म्हणजे आईलाही हात लावायचा नाही.

नर की मादी, लहान की मोठं, हे सरावाने येतं. कान डोक्याच्या मानाने मोठे, ताठ आणि जवळजवळ दिसले तर अस्वल लहान आहे. कान छोटे, डोक्याच्या दोन बाजूंना लांब फेकल्यासारखे, पोट जमिनीकडे झुकलेलं, पुढचे पाय जाड आणि चाल डुलत-डुलत, तर तो मोठा नर असण्याची शक्यता बरीच. मेच्या अखेरीस एकटं मध्यम अस्वल दिसलं तर त्याच्या मागची झाडी बघत राहा. ती माजावरची मादी असू शकते, आणि नर तिच्या माग काढत बाहेर येतो.

तपासा: "बहुधा काळं आहे, बहुधा एकटं आहे" असं मनात येत असेल तर उत्तर अजून मिळालेलं नाही.

टप्पा ६: वारा, वाट, वेळ

आता हिशोब. तिथे पोहोचायला किती वेळ लागेल आणि उजेड किती उरलाय? माझा ठोकताळा: पोहोचल्यावर किमान एक तास चांगला उजेड हातात हवा. नसेल तर जाऊ नका. न घाबरवलेलं अस्वल चांगल्या हिरवळीवर दिवसेंदिवस येतं. उद्या दोन तास आधी, जवळच्या जागी बसा. अर्धवट उजेडात गोळी घालून ग्रिझलीच्या मुलखात रात्री रक्त शोधत फिरणं यात शहाणपण नाही.

वेळ असेल तर वाट ठरवा, आणि ती वारा ठरवतो. अस्वलाची नजर लोक समजतात तेवढी अधू नसते, कान चांगले असतात, पण नाकापुढे तुमचं काही चालत नाही. शाळेच्या भूगोलात दरीय आणि पर्वतीय वारे शिकलो होतो, तेच इथे कामाला येतात. ऊन तापलं की हवा उतारावरून वर चढते. उतार सावलीत गेला की थंड हवा खाली वाहू लागते. म्हणजे दुपारी तीनला खालून जाल तर तुमचा वास थेट अस्वलाच्या नाकात. तेव्हा बाजूने किंवा वरून जायचं. रात्री आठनंतर, उतार सावलीत गेल्यावर, वरून जाणं घातक आणि खालून बरं. या दोन्हींच्या मधल्या तासात वारा कुठेही फिरतो, तेव्हा दोनशे मीटरवर थांबून तो स्थिरावण्याची वाट बघायची. यात चुकारपणा चालत नाही. दर पन्नास पावलांवर चिमूटभर पावडर उडवा आणि ती कुठे जाते ते दहा सेकंद बघा. हाताजवळ एक दिशा आणि पाच मीटर पुढे दुसरी, असं बरेचदा होतं.

निघण्याआधी:

१. स्कोपला फोन लावून अस्वलाचा आणि आजूबाजूचा फोटो काढा.

२. दोन खुणा पक्क्या करा: एक अस्वलाजवळची (दुभंगलेलं वाळकं झाड, पांढरा खडक), दुसरी तुम्ही जिथून डोकं वर काढणार आहात तिथली. समोरच्या डोंगरावर पोहोचल्यावर सगळं अनोळखी दिसतं. सपाट वाटलेला तुकडा खोल घळ निघतो, एकुलतं एक झाड वीस झाडांतलं एक निघतं.

३. जोडीदार असेल तर तो बैठकीवरच राहील. हातवाऱ्यांच्या खुणा आधी ठरवा: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, गेलं, थांब. तो दिसला नाही तरी दर दहा मिनिटांनी दुर्बिणीने मागे बघा.

इशारा: मध्ये ओढा असेल तर परतीचा विचार आधी करा. बर्फ वितळण्याच्या दिवसांत दुपारनंतर आणि संध्याकाळी पाणी चढतं. चारला गुडघाभर असलेला ओढा रात्री मांडीपर्यंत आलेला असतो, आणि तेव्हा पाठीवर तीस किलो मांस असतं.

दरी उतरताना आणि निम्मा चढ चढताना वेगाने जा, तिथे आवाजाची फारशी फिकीर नको. ओढ्याचा आवाज तुम्हाला झाकतो. शेवटचे तीनशे मीटर मात्र वेगळे. सॅकचे लटकते पट्टे बांधा, बूट आणि हात कुठे पडतात ते बघा, अस्वलाचं डोकं खाली असताना पाऊल, वर आलं की जिथल्या तिथे गोठा, एक पाय हवेत असला तरी. ते पुन्हा चरायला लागेपर्यंत हलू नका. खूण गाठली आणि अस्वल दिसत नसेल तर पुढे घुसू नका. बसा. दहापैकी बहुतेक वेळा ते खळग्यात किंवा झुडपाआड असतं आणि पंधरा-वीस मिनिटांत बाहेर येतं. घाईने पुढे गेलेला माणूस पंधरा मीटरवर त्याला आडवा जातो, आणि ते दोघांनाही नको असतं.

टप्पा ७: गोळी

अंतर तुमच्या सरावावर ठरतं. बसून, काठ्यांवर किंवा सॅकवर रायफल टेकवून, पंधरा सेंटिमीटरच्या वर्तुळात सलग पाच गोळ्या ज्या अंतरावरून बसतात, ती तुमची हद्द. नवख्याने दोनशे मीटरच्या आतच राहावं.

गोळी झाडण्याआधी पुन्हा एकदा पिल्लं बघा. जवळून दिसणारा देखावा वेगळा असतो.

अस्वल पूर्ण आडवं, किंवा किंचित तुमच्यापासून पलीकडे वळलेलं हवं. जवळचा पुढचा पाय पुढे टाकलेला असेल त्या क्षणी, खांद्याच्या लगेच मागे, शरीराच्या उंचीच्या मधोमध किंवा किंचित खाली. पोटाखालचे लांब केस शरीराचाच भाग वाटतात, त्यामुळे केसांसकट मध्य धरला तर गोळी खाली बसते. समोरून, मागून, डोक्यावर, चालत्या अस्वलावर, किंवा बसलेल्या अस्वलावर नाही.

मागे काय आहे? माती हवी, आकाश नको. आणि ते कोसळून कुठे जाईल? हिमलोटाच्या उभ्या पट्ट्यावरून घरंगळलेलं दीडशे किलोचं धूड कड्याखाली गेलं तर मांसही गेलं.

टप्पा ८: गोळी सुटल्यावर

लगेच बोल्ट मारा, नवीन काडतूस चढवा, रायफलवरच्या स्कोपमधून नजर काढू नका. ते पायांवर असेल आणि गोळी सुरक्षित जात असेल तर दुसरी घाला. अस्वलाच्या बाबतीत एका गोळीचा अभिमान कामाचा नाही.

पळालं तर शेवटचं कुठे दिसलं ती जागा खुणेने धरा आणि अर्धा तास थांबा. जाड केस रक्त शोषतात आणि चरबी जखम बुजवते, त्यामुळे रक्ताचा माग तुटक असतो. मोडलेलं गवत, उलटलेले दगड, ओरखडलेली माती यांवर लक्ष ठेवा. एकट्याने दाट अ‍ॅल्डरच्या झुडपात शिरू नका. दोघं जा, एक जमिनीकडे बघणारा, एक पुढे बघणारा. अस्वल पडलेलं दिसलं तर वरच्या बाजूने, पाठीकडून जा. लांब काठीने डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली नाही तरच जवळ.

मग तिथल्या तिथे, चाकू काढण्याआधी, काळ्या अस्वलाचं लायसन्स सांगितल्याप्रमाणे रद्द करा, म्हणजे ते वापरलं गेल्याची खूण त्यावर करा. "गाडीजवळ गेल्यावर करू" म्हणून राहतं आणि वनाधिकारी गाडीजवळच उभा असतो.

टप्पा ९: कातडं आणि मांस

फोटोंत वेळ घालवू नका. मेच्या दुपारी पंधरा-वीस अंश तापमानात जाड कातड्याखाली उष्णता अडकते, मांस आंबतं आणि कातड्याचे केस सुटू लागतात. कातडं शक्य तितक्या लवकर काढा. लिंगाचा पुरावा नियमाप्रमाणे जोडलेला ठेवा. चारही पाय आणि पाठीचं मांस न्यावंच लागतं, ते रानात टाकून येणं गुन्हा आहे. मांस हाडापासून सोडवून सुती बॅगांत भरा, सावलीत, वारा लागेल असं टांगा. प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नको.

कापाकापी करताना एकाने पाठ वळवून पहारा द्यायचा. बॅगा आतड्यांच्या ढिगापासून शंभरेक मीटर दूर, मोकळ्या, लांबून दिसणाऱ्या जागी ठेवा. दुसऱ्या खेपेला परत येताना आवाज करत या आणि आधी दुर्बिणीने बघा. ग्रिझलीने ताबा घेतला असेल तर मांस तिचं. परत फिरा आणि वनखात्याला कळवा.

कातड्याचे पंजे, ओठ, कान घरी सोडवता येत नसतील तर ते गुंडाळून लगेच फ्रीझरमध्ये टाका, किंवा त्याच दिवशी टॅक्सीडर्मिस्टकडे (कातडी कमावून, भरून जतन करणाऱ्याकडे) द्या. मीठ लावायचं तर मांस-चरबी पूर्ण खरवडल्यावर, बारीक, बिनआयोडीनचं. चरबीवर मीठ चोळून उपयोग नाही.

पित्ताशय जिथे आहे तिथेच सोडा. ते जवळ बाळगणं किंवा विकणं बेकायदा आहे, कुणी कितीही पैसे देऊ केले तरी. आणि भारतात भावाला नख किंवा कातडं नेऊन द्यायचा बेत असेल तर तो विसरा. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात काळं अस्वल आहे. कागदांशिवाय सीमा ओलांडली की विमानतळावरच प्रकरण होतं.

टप्पा १०: स्वयंपाकघर

गवतावर चरलेल्या वसंतातल्या अस्वलाचं मांस चवीला चांगलं असतं, चरबी कमी. पण त्यात ट्रायकिनेला नावाचे जंत असू शकतात, आणि उत्तरेकडच्या प्राण्यांतल्या त्यांच्या काही जाती गोठवूनही मरत नाहीत. डुकराच्या मांसाला लागू पडणारा "फ्रीझरमध्ये ठेवलं की झालं" हा सल्ला इथे लावू नका. २०२२ साली अमेरिकेतल्या एका कौटुंबिक मेळाव्यात ४५ दिवस गोठवलेल्या काळ्या अस्वलाचे कबाब झाले. मांस मुळातच गडद रंगाचं, त्यामुळे कच्चं राहिलेलं लक्षात आलं नाही. सहा जणांना लागण झाली, आणि त्यातल्या दोघांनी मांस खाल्लंच नव्हतं, फक्त सोबत शिजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या.

म्हणून रंगावर, वासावर, अंदाजावर नाही. थर्मामीटर सर्वांत जाड तुकड्याच्या मध्यापर्यंत खुपसा आणि आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअस झालंय हे बघा. आपल्याकडची पद्धत इथे सोयीची पडते: मटणासारखे तुकडे, वाटण, कुकरमध्ये मऊ होईपर्यंत. तांबडा रस्सा, सावजी, काहीही करा. सीख कबाब, तंदुरी, मीडियम रेअर स्टेक एवढे प्रकार या मांसापुरते बंद. कच्चं मांस कापलेली फळी, सुरी, विळी गरम साबणाच्या पाण्याने धुवा, मॅरिनेशनचं उरलेलं मिश्रण वरून ओतू नका, आणि कुत्र्याला कच्चे छाट टाकू नका.